डीएचसीपी सर्व्हर स्वतःची ओळख कशी सांगतो? ‘सर्व्हर आयडेंटिफायर’ म्हणजेच ऑप्शन ५४, सोप्या भाषेत

वाय-फायला कनेक्ट होताना फोनवर क्षणभर ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ असं दिसतं. तेवढ्या वेळात तुमचा फोन अशा एका सर्व्हरशी बोलून घेतो, ज्याचा पत्ता त्याला आधी अजिबात माहीत नसतो. हा डीएचसीपी सर्व्हर. घरी तो राउटरच्या डब्यातच असतो. कॉलेज, बँक किंवा कंपनीत वेगळ्या मशीनवर असू शकतो.

आता प्रश्न असा की फोनला हा सर्व्हर ओळखीचा कसा होतो? आणि एकाच नेटवर्कवर असे दोन सर्व्हर असले, तर फोन कोणाचं ऐकतो? ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ या रोजच्या वैतागामागचं एक मोठं कारण या प्रश्नाच्या उत्तरात आहे. म्हणून हा लेख.

थोडक्यात उत्तर

- डीएचसीपी सर्व्हर आपल्या उत्तरात ‘सर्व्हर आयडेंटिफायर’ नावाची एक नोंद घालतो. तिचा क्रमांक ५४, म्हणून तिला ऑप्शन ५४ म्हणतात.
- या नोंदीत सर्व्हरचा स्वतःचा आयपी ॲड्रेस असतो. साध्या आयपीव्ही४ मध्ये तो ४ बाइटचा.
- अनेक सर्व्हरनी ऑफर दिली, तर ‘मी याची ऑफर घेतली’ हे सांगायला फोन हीच नोंद वापरतो.
- ही नोंद म्हणजे फक्त सांगितलेलं नाव. ते खरं आहे याचा पुरावा तिच्यात नसतो.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याकडे आपण सावकाश जाऊ.

डीएचसीपी म्हणजे काय?

पूर्ण नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. नेटवर्कवर आलेल्या प्रत्येक उपकरणाला आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, गेटवे म्हणजे बाहेर जायची वाट, आणि डीएनएस सर्व्हरचा पत्ता आपोआप देणं हे त्याचं काम. पत्ता कायमचा मिळत नाही, ठराविक मुदतीसाठी मिळतो. या मुदतीला ‘लीज’ म्हणतात. शेत खंडाने घेतल्यासारखंच: मुदत संपायच्या आत नूतनीकरण केलं नाही, तर पत्ता दुसऱ्याला जाऊ शकतो.

इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात त्यांना आरएफसी म्हणतात. डीएचसीपीच्या आधी बूटपी नावाचा प्रोटोकॉल होता, त्याची आरएफसी १९८५ ची. डीएचसीपीची पहिली आरएफसी ऑक्टोबर १९९३ मध्ये आली. आज आपण वापरतो त्या रूपाचे नियम मार्च १९९७ च्या दोन दस्तऐवजांत आहेत: राल्फ ड्रोम्स यांची आरएफसी २१३१, आणि सगळ्या ऑप्शनची यादी असलेली आरएफसी २१३२. आपला ऑप्शन ५४ या दुसऱ्या यादीत आहे.

चार निरोप आणि त्यात ओळख कुठे येते

फोन नेटवर्कवर नवा आला की चार निरोपांची देवाणघेवाण होते.

१. डिस्कव्हर: फोन सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतो, ‘कोणी डीएचसीपी सर्व्हर आहे का?’ कोण आहे हेच माहीत नाही, त्यामुळे या निरोपात सर्व्हर आयडेंटिफायर नसतो. नियमानुसार तो घालायचाच नाही.

२. ऑफर: ज्या ज्या सर्व्हरने हाक ऐकली तो उत्तर देतो, ‘हा पत्ता घे, इतक्या वेळासाठी. आणि मी अमुक.’ इथे सर्व्हर आयडेंटिफायर सक्तीचा आहे.

३. रिक्वेस्ट: फोन एक ऑफर निवडतो आणि पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, ‘मला अमुक सर्व्हरने दिलेला हा पत्ता हवा.’ इथे फोनने त्या सर्व्हरचा आयडेंटिफायर जसाच्या तसा परत लिहायचा असतो.

४. ॲक: निवडलेला सर्व्हर ‘दिला’ म्हणतो. देणं शक्य नसेल तर नॅक म्हणजे नकार पाठवतो. दोन्हींत पुन्हा त्याचा आयडेंटिफायर असतो.

तिसरा निरोप सगळ्यांना ऐकवायचं कारण बघा. बाकीच्या सर्व्हरनीही आपापल्या यादीतला एकेक पत्ता या फोनसाठी राखून ठेवलेला असू शकतो. रिक्वेस्टमध्ये आपलं नाव नाही हे कळलं, की ते तो पत्ता मोकळा करतात. म्हणजे एकाच निरोपाने एकाला होकार आणि बाकीच्यांना नकार पोचतो.

वडापच्या जीपवरून समजून घेऊ

मी म्हसवडचा. आमच्याकडे स्टँडबाहेरून दहिवडीला, आटपाडीला वडापच्या गाड्या लागतात. समजा तुम्ही आलात आणि मोठ्याने विचारलंत, ‘दहिवडी आहे का?’ हे डिस्कव्हर. दोन ड्रायव्हर एकदम म्हणाले, ‘या, एक शीट आहे!’ या दोन ऑफर. आता तुम्ही नुसतं ‘हो, येतो’ म्हणालात, तर दोघंही तुमच्यासाठी जागा धरून बसतील. म्हणून तुम्ही म्हणता, ‘त्या शेवटी ७२ नंबर असलेल्या गाडीत बसतो.’ ही रिक्वेस्ट. दुसरा ड्रायव्हर लगेच ती शीट पुढच्या माणसाला देऊन टाकतो.

गाडीचा नंबर म्हणजे सर्व्हर आयडेंटिफायर.

फरक एकच. गाडीचा नंबर आरटीओ देतं. डीएचसीपी सर्व्हर आपली नंबरप्लेट स्वतःच रंगवतो. तिच्यावर काय लिहिलंय ते तपासणारं डीएचसीपीच्या मूळ नियमात कोणी नाही.

पॅकेटच्या आत ऑप्शन ५४ कसा दिसतो?

डीएचसीपीच्या प्रत्येक ऑप्शनची मांडणी साधारण सारखी असते: आधी ऑप्शनचा क्रमांक, मग लांबी, मग मजकूर. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर ऑप्शन ५४ असा दिसेल:

५४, ४, १९२, १६८, १, १

पहिला ५४ म्हणजे ‘ही सर्व्हरची ओळख’. पुढचा ४ म्हणजे ‘यापुढचे चार बाइट वाचा’. मग तो पत्ता. एकूण सहा बाइट, बस्स.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, अगदी इंजिनिअरिंगच्या व्हायव्हातसुद्धा.

पहिली गल्लत: पॅकेटच्या वरच्या भागात ‘पुढच्या सर्व्हरचा पत्ता’ अशी एक जागा बूटपीच्या काळापासून आहे. ती डीएचसीपी सर्व्हरची ओळख नव्हे. डिस्क नसलेल्या मशीनला चालू होताना लागणारी फाइल कोणत्या सर्व्हरवरून घ्यायची, ते तिथे लिहितात. तो सर्व्हर वेगळाही असू शकतो.

दुसरी गल्लत: पॅकेट ज्या आयपीवरून आलं तीच सर्व्हरची ओळख असं धरणं. घरच्या राउटरवर दोन्ही सारखेच निघतात, म्हणून हे खपून जातं. पण मध्ये निरोप पोचवणारा रिले असेल, तर पॅकेट रिलेकडून येतं आणि ओळख आतल्या ऑप्शन ५४ मध्ये असते. फोनने विश्वास ठेवायचा तो आतल्या नोंदीवर.

नूतनीकरणाच्या वेळी ही ओळख कामाला येते

पत्ता मिळाला की ऑप्शन ५४ चं काम संपलं असं वाटेल. तसं नाही. फोन तो जपून ठेवतो.

लीजची मुदत समजा २४ तासांची आहे. सर्व्हरने वेगळं काही सांगितलं नसेल, तर अर्धी मुदत म्हणजे १२ तास झाले की फोन नूतनीकरण मागतो. या वेळी तो सगळ्यांना ओरडत नाही. जपून ठेवलेल्या सर्व्हर आयडेंटिफायरच्या पत्त्यावर थेट निरोप पाठवतो. उत्तर नाही आलं तर थांबून पुन्हा प्रयत्न करतो. साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत, म्हणजे २१ तास झाले तरी काही हाती नाही लागलं, तर मात्र तो पुन्हा सगळ्या नेटवर्कला विचारायला लागतो: ‘माझा हा पत्ता कोणी वाढवून देईल का?’

गंमत म्हणजे नूतनीकरणाच्या या रिक्वेस्टमध्ये ऑप्शन ५४ घालायचा नसतो. निरोप ज्याच्या दारात चाललाय त्यालाच त्याचं नाव कशाला सांगायचं? पत्ता सोडून देताना पाठवायच्या ‘रिलीज’ निरोपात आणि ‘हा पत्ता आधीच कोणीतरी वापरतंय’ असं सांगणाऱ्या ‘डिक्लाइन’ निरोपात मात्र तो घालावाच लागतो. म्हणजे हिशेब असा:

- डिस्कव्हर: नसतो
- ऑफर, ॲक, नॅक: असतोच
- निवड सांगणारी रिक्वेस्ट: असतोच
- नूतनीकरणाची रिक्वेस्ट: नसतो
- रिलीज आणि डिक्लाइन: असतोच

नेटवर्किंगची परीक्षा देणाऱ्यांनी ही यादी पाठ केली तरी चालेल. पण कारण समजलं तर पाठ करायची गरज पडत नाही: जिथे ‘कोणत्या सर्व्हरबद्दल बोलतोय’ हा गोंधळ होऊ शकतो, तिथे नाव घ्यायचं.

सर्व्हरला अनेक पत्ते असतील तर?

मोठ्या ठिकाणी एकाच सर्व्हरला दोन-तीन नेटवर्क कार्ड असतात, म्हणजे दोन-तीन आयपी. तेव्हा नियम असा की फोन ज्या पत्त्यापर्यंत पोचू शकेल असा पत्ता सर्व्हरने ओळख म्हणून द्यावा. फोन आणि सर्व्हर एकाच सबनेटवर असतील, तर त्या सबनेटवरचाच पत्ता द्यावा. कारण वर पाहिलं तसं: नूतनीकरणाचा निरोप त्याच पत्त्यावर जाणार आहे. पोचता न येणारा पत्ता दिला, तर पहिल्या दिवशी सगळं छान चालतं आणि अर्धी मुदत उलटल्यावर नूतनीकरण अडायला लागतं. असा बिघाड शोधणं फार त्रासाचं, कारण ‘कालपर्यंत तर चालत होतं’.

काही नेटवर्कमध्ये नूतनीकरणाचे निरोपही रिलेमधूनच जावेत अशी गरज असते. त्यासाठी २००८ मध्ये आरएफसी ५१०७ आली. तिच्यात रिले सर्व्हरला सांगू शकतो, ‘ओळख म्हणून तुझ्याऐवजी माझा पत्ता दे.’ म्हणजे फोनला रिलेच सर्व्हर वाटतो. ऑप्शन ५४ मधलं नाव हे ठरवून दिलेलं नाव असतं, हे इथे स्पष्ट दिसतं.

प्रत्यक्ष उदाहरण: एका अभ्यासिकेतलं वाय-फाय

सुट्टीत गावी गेलो होतो तेव्हा इथल्या एका अभ्यासिकेतल्या मुलांनी बोलावलं. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली, आणि वाय-फायचा खेळखंडोबा. काही फोनवर इंटरनेट एकदम मस्त, काहींवर ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’. एकाच टेबलावर, एकाच वाय-फाय नावावर. वाय-फाय बंद-चालू केलं की कधी चालायचं, कधी चालणारंही बंद पडायचं. ज्यांचं चालत होतं ती मुलं फोनला हात लावू देईनात.

दोन्ही प्रकारच्या फोनवर वाय-फायची माहिती उघडली. चालणाऱ्या फोनचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा, गेटवे १९२.१६८.१.१. न चालणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होणारा, गेटवे १९२.१६८.०.१. एका लॅपटॉपवर डीएचसीपी सर्व्हरची नोंद बघितली, तर कधी एक यायचा, कधी दुसरा. म्हणजे खोलीत दोन डीएचसीपी सर्व्हर होते.

शोधल्यावर सापडलं. फायबरचा डबा एका कोपऱ्यात, आणि मागच्या खोलीत रेंज मिळावी म्हणून कोणीतरी आणलेला जुना राउटर, त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने चालू. फायबरच्या डब्याची केबल जुन्या राउटरच्या इंटरनेटच्या म्हणजे वॅन पोर्टमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घातलेली. त्यामुळे दोन्ही डबे एकाच नेटवर्कवर आले आणि दोघंही प्रत्येक डिस्कव्हरला ऑफर द्यायला लागले. कोणती ऑफर घ्यायची हे फोनवर सोडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा जी आधी पोचली ती घेतली जाते. जुन्या राउटरची ऑफर घेतलेला फोन गेटवे म्हणून त्याच राउटरकडे जायचा. त्याच्या वॅन पोर्टला काहीच जोडलेलं नव्हतं. पुढे वाटच नाही.

बंद-चालू केल्यावर चालणारं का बंद पडायचं? ओळखीच्या वाय-फायवर परत आलेला फोन आधी ‘माझा जुनाच पत्ता चालेल का?’ असं सगळ्यांना विचारू शकतो. तो पत्ता आपल्या नेटवर्कचा नाही असं वाटलं तर सर्व्हरने नकार द्यावा असा नियम आहे. दुसऱ्या डब्याने नियम पाळून नकार दिला, की फोन पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग पुन्हा जो आधी बोलेल तो.

दुरुस्ती पाच मिनिटांची:

१. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘डीएचसीपी सर्व्हर’ बंद केला.
२. त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, आणि तो पत्ता फायबरच्या डब्याच्या वाटपाच्या यादीबाहेर ठेवला.
३. केबल लॅन पोर्टमध्येच राहू दिली.
४. सगळ्या फोनवर वाय-फाय एकदा बंद-चालू केलं.

आता जुना राउटर फक्त रेंज वाढवतो, पत्ते वाटायचं काम एकच डबा करतो. संध्याकाळी मुलं अर्जाच्या फोटोची साइज किती केबी हवी यावर वाद घालत बसली होती. म्हणजे सगळं सुरळीत.

दोघांनी एकच ओळख सांगितली तर?

वरच्या उदाहरणात नशीब चांगलं होतं: दोन डब्यांचे पत्ते वेगळे होते. पण बाजारातले कित्येक राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता घेऊन येतात. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ असतील, तर दोघांचा ऑप्शन ५४ अगदी सारखा.

मग फोनने ‘मी १९२.१६८.१.१ ची ऑफर घेतली’ म्हटल्यावर दोघांनाही वाटतं, आपलीच निवड झाली. एकाने दिलेला पत्ता दुसऱ्याने दिलेलाच नसतो, म्हणून एक होकार पाठवतो आणि दुसरा नकार पाठवू शकतो. त्यात एकाच आयपीचे दोन डबे नेटवर्कवर असल्याने गेटवेसुद्धा कधी हा, कधी तो. अशा वेळी ऑप्शन ५४ बघून काही कळत नाही. पॅकेट कोणत्या मॅक ॲड्रेसवरून आलं ते बघावं लागतं. सोपा उपाय म्हणजे एकेक डबा बंद करून बघणं.

यातून शिकायचं ते हे: १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराचे आहेत, जगात लाखो डब्यांवर तेच असतात. घराच्या आत ते ओळख म्हणून चालतात, तेही आत एकच असेल तर.

नाव सांगणं वेगळं, पुरावा देणं वेगळं

आरएफसी २१३१ आली त्याच १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँक म्हणवून घ्यायचं तर रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. पाटी रंगवली म्हणून कोणी बँक होत नाही. खातेदाराला बँकेच्या पाटीवर विश्वास ठेवता येतो, कारण मागे तपासणारं कोणी आहे.

डीएचसीपीत असं काही नाही. ऑप्शन ५४ म्हणजे नुसती पाटी. नेटवर्कवरचं कोणतंही उपकरण ‘मी डीएचसीपी सर्व्हर’ म्हणून ऑफर देऊ शकतं, आणि ओळख म्हणून हवा तो पत्ता लिहू शकतं. खुद्द आरएफसी २१३१ मध्येच हा प्रोटोकॉल बराच असुरक्षित असल्याची कबुली आहे. अशा घुसखोर सर्व्हरला ‘रोग डीएचसीपी सर्व्हर’ म्हणतात. तो चुकून लावलेला जुना राउटर असेल, किंवा कोणी मुद्दाम चालवलेला लॅपटॉप.

मुद्दाम चालवलेला असेल तर नुकसान काय?

- गेटवे म्हणून स्वतःचा पत्ता देऊन तुमचा ट्रॅफिक आपल्यामधून नेता येतो.
- डीएनएस म्हणून स्वतःचा पत्ता देऊन एखाद्या साइटच्या नावाला खोटा पत्ता सांगता येतो.
- २०२४ च्या मे महिन्यात ‘टनेलव्हिजन’ नावाची पद्धत जाहीर झाली. तिच्यात घुसखोर सर्व्हर ऑप्शन १२१ मधून वेगळ्या वाटा सांगतो आणि व्हीपीएन चालू असूनही ट्रॅफिक व्हीपीएनबाहेर काढतो. अँड्रॉइड हा ऑप्शन १२१ वापरतच नाही, त्यामुळे अँड्रॉइड फोन यातून वाचले. लॅपटॉप मात्र सापडू शकतात.

मग उपाय? डीएचसीपीच्या निरोपांवर सही करायची सोय २००१ च्या आरएफसी ३११८ मध्ये सुचवली गेली, पण ती रोजच्या वापरात रुजली नाही. कारण उघड आहे: पहिल्यांदाच आलेल्या फोनकडे आधीपासून गुप्त किल्ली असणार कशी?

त्यामुळे राखण दुसरीकडून होते. ऑफिस-कॉलेजच्या स्विचमध्ये ‘डीएचसीपी स्नूपिंग’ असतं: खरा सर्व्हर ज्या पोर्टकडे आहे तेवढाच विश्वासाचा, बाकी पोर्टवरून आलेली ऑफर आणि ॲक स्विच टाकून देतो. चांगल्या सार्वजनिक वाय-फायवर एका फोनला दुसऱ्या फोनशी थेट बोलूच देत नाहीत. आणि आपल्या बाजूने:

- ब्राउझरने सर्टिफिकेटची सूचना दाखवली तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. एचटीटीपीएस हाच इथला खरा परवाना आहे: साइटला आपलं नाव सिद्ध करावं लागतं.
- अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे ठराविक डीएनएस सेवेचं नाव भरून ठेवलं, तर डीएचसीपीने दिलेला डीएनएस वापरला जात नाही.
- बँकेचं काम अनोळखी वाय-फायवर करण्यापेक्षा मोबाइल डेटावर करा.

तुमचा डीएचसीपी सर्व्हर कोण, हे कसं बघायचं?

अँड्रॉइड: वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टॅप करा. आयपी, गेटवे, सबनेट मास्क आणि डीएनएस दिसतात. डीएचसीपी सर्व्हर वेगळा सहसा दाखवत नाहीत, पण फोनला तो माहीत असतो. वाय-फायची तपशीलवार माहिती देणारी काही ॲप्स तो दाखवतात. घरी गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर बहुधा एकच, त्यामुळे गेटवे बघूनही अंदाज येतो.

आयफोन: वाय-फायच्या नावासमोरच्या ‘आय’वर टॅप करा. ‘राउटर’ म्हणून दिसतो तो गेटवे.

विंडोज: कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड ‘ऑल’ पर्यायासह चालवा. ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी स्वतंत्र ओळ येते. तीच ऑप्शन ५४ मधून आलेली ओळख.

सगळे सर्व्हर बघायचे असतील तर: लॅपटॉपवर वायरशार्क चालू करून डीएचसीपीचा फिल्टर लावा आणि वाय-फाय बंद-चालू करा. एका डिस्कव्हरला वेगवेगळ्या ओळखीच्या दोन ऑफर आल्या, तर दुसरा सर्व्हर कुठे आहे ते शोधायला लागा.

नेहमीचे प्रश्न

*माझा फोनही डीएचसीपी सर्व्हर असतो का?*
हो, हॉटस्पॉट चालू केलात की असतो. आयफोनच्या हॉटस्पॉटवर गेटवे १७२.२०.१०.१ दिसतो. जुन्या अँड्रॉइडवर १९२.१६८.४३.१ ठरलेला असायचा, नव्या व्हर्जनमध्ये तो बदलता असतो. सिद्धनाथाच्या रथयात्रेत शेजारीशेजारी शंभर हॉटस्पॉट चालू असले, तरी त्यांची भांडणं होत नाहीत, कारण प्रत्येकाचं नेटवर्क वेगळं. गोंधळ एकाच नेटवर्कवर दोन सर्व्हर आले तरच.

*मोबाइल डेटावरही डीएचसीपी चालतो का?*
वाय-फायसारखा नाही. तिथे सेशन जोडतानाच कंपनीचं नेटवर्क फोनला पत्ता देतं.

*सर्व्हर माझ्या फोनला कसा ओळखतो?*
मॅक ॲड्रेस किंवा फोनने पाठवलेल्या क्लायंट आयडेंटिफायरवरून, म्हणजे ऑप्शन ६१ वरून. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनवलेला मॅक वापरतो. राउटरमध्ये फोनसाठी पत्ता राखून ठेवायचा असेल, तर हा बनवलेला मॅक तिथे लिहा.

*आयपीव्ही६ मध्येही ऑप्शन ५४ असतो का?*
नाही. डीएचसीपीव्ही६ मध्ये सर्व्हर आपली ओळख ‘डीयूआयडी’ या खुणेने सांगतो. ती आयपी पत्ता नसते; हार्डवेअर पत्ता आणि ती बनवल्याची वेळ अशा गोष्टींपासून तयार होते आणि शक्यतो बदलायची नसते. त्यामुळे दोन डब्यांची ओळख सारखी निघायचा प्रश्न जवळपास मिटतो. पण पुराव्याचा प्रश्न तिथेही तसाच राहतो.

*घरात दुसरा राउटर लावायचाय, काय लक्षात ठेवू?*
दोनच गोष्टी. केबल दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घालणार असाल, तर त्याचा डीएचसीपी सर्व्हर बंद करा आणि पत्ता बदला. वॅन पोर्टमध्ये घालणार असाल, तर डीएचसीपी चालू राहू द्या, पण दोन्ही राउटरचे पत्ते वेगवेगळ्या मालिकेतले ठेवा. आणि राउटरच्या पाठीवर पट्टी चिकटवून त्याचा पत्ता लिहून ठेवा. पुढच्या वेळी ‘इंटरनेट नाही’ आलं, की गेटवे बघायचा आणि पट्टीशी ताडून बघायचा. अर्धा शोध तिथेच लागतो.